उलट्या ग्लासातलं पाणी

खरं सांगू, आमच्या शाळेतल्या नव्या वैशाली मॅडमचा मले भारी राग यायचा. विज्ञान मी पंधरा वर्षांपासून शिकवून राहिली, पण माझी स्वतःची पोरगी रोज जेवताना वैशाली मॅडमच्याच प्रयोगांचं कौतुक सांगायची. एक दिवस म्हणाली, "आई, तू काहून नाही करत वं असं?"

दुसऱ्याच दिवशी मी वर्गात भरल्या ग्लासवर पुठ्ठा ठेवला. "हवेच्या दाबानं पाणी पडत नाही," म्हटलं अन् ग्लास उलटा केला. पुठ्ठा सरकला, सगळं पाणी साडीवर! पोरं खदखदून हसली.

बाजूच्या वर्गातून वैशाली टॉवेल घेऊन धावत आली. हळूच म्हणाली, "ताई, मी तर घरी सात वेळा भिजली, तेव्हा जमलं."

आता अशा बाईवर जळायचं तरी कसं? पण मी जळलीच!