हिरव्या सदऱ्यातले लाल समर्थक

समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या कारखान्याच्या मालकीणबाई, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आज निवृत्त होणारे आमचे रंगमास्तर, त्यांना इतकी वर्षं घरी सहन करणाऱ्या वहिनी, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी आणि चहा कधी येतो याकडे डोळे लावून बसलेले माझे जुने सहकारी बंधुभगिनींनो,

मास्तरांच्या कामाबद्दल माझ्या आधीचे वक्ते भरपूर बोलले. त्यांच्या चुकीबद्दल बोलायचं काम माझ्याकडे आलं आहे. मास्तर, असे बघू नका. परवानगी बाईंनी दिली आहे.

आज माझा स्वतःचा कारखाना आहे, पण तेव्हा मी इथे ओलं कापड पिळायचो. नवीन लग्न, नवीन नोकरी, आणि कारखान्यात रेडिओवर फुटबॉलचा सामना. शहरातला गोदी कामगारांचा संघ हा आमचा जीव की प्राण. पण तो संघ आम्ही कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. शहर लांब, आणि वर्तमानपत्रातले फोटो काळे-पांढरे.

एकदाचं ठरलं, प्रत्यक्ष सामना बघायला जायचं. आता रंगाच्या कारखान्यातली माणसं साध्या कपड्यांत जातील का? बाईंनी सदऱ्यांसाठी पांढरं कापड दिलं. रंग कोणता द्यायचा? मास्तरांनी वर्तमानपत्रातला फोटो उजेडात धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "हिरवा."

बाई म्हणाल्या, "मास्तर, मला तो लाल वाटतो हो."

"बाई, बिलं तुम्ही बघा, रंग मी बघतो. हा राखाडी हिरव्याचाच. चुकलो तर पुन्हा या हौदाला हात लावणार नाही!"

हे सगळ्यांसमोर. आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मैदानाच्या फाटकावरच्या माणसानं आमचे हिरवेगार सदरे पाहिले आणि हात पसरले. "या या, आपलीच माणसं!" अगदी पुढच्या बाकांवर बसवलं. काय तो मान! हिरवा संघ मैदानात उतरला तसे आम्ही घसा फाटेस्तोवर ओरडलो. मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? रंग ओळखायला डोळा लागतो, डोळा!"

तेवढ्यात शेजारचे एक आडदांड गृहस्थ म्हणाले, "आज गोदीवाल्यांना लोळवायचं!"

मास्तरांनी विचारलं, "गोदीवाले कुठले?"

"ते काय, लाल!"

मंडळी, माणसाच्या चेहऱ्याचा रंग उतरतो असं आपण म्हणतो. मी तो त्या दिवशी प्रत्यक्ष उतरताना पाहिला. एका धुण्यात.

आता उठावं तर मागे हिरव्यांची गर्दी, बसावं तर पुढे आपला संघ लाल रंगात. आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांसमोर, आणि ओरडायची सोय नाही! आमच्या हिशेबनीसांनी तोंडात रुमाल कोंबला. मी वहाणांकडे बघत बसलो. आणि गोदीवाल्यांनी गोल केला. सगळा सज्जा चिडीचूप. त्या शांततेत एकच हिरवा सदरा उभा राहून गरजला, "जियो!"

शेजारी म्हणाला, "काका, गोल त्यांनी केलाय."

मास्तर म्हणाले, "माहीत आहे. चांगल्याला चांगलं म्हणायचं की नाही?"

तो माणूस गहिवरला हो! "असा खिलाडू माणूस पाहिला नाही," म्हणत त्यानं मास्तरांना शेंगदाणे दिले. थोड्या वेळानं दुसरा गोल झाला, मास्तर पुन्हा उभे. तिसऱ्याला त्यानं शेंगदाण्यांची पुडी काढून घेतली. "काका, जरा कमी खिलाडू व्हा."

आपला संघ जिंकला. परतीच्या बसमध्ये मात्र मास्तर खिडकीबाहेर बघत होते. आम्ही हसत होतो ते एकेक करून थांबलो. शब्द दिला होता ना त्यांनी?

सकाळी त्यांनी अंगावरचा एप्रन घडी करून बाईंच्या टेबलावर ठेवला. "बाई, येतो."

बाईंनी मानही वर केली नाही. "जा की. पण कापड माझं आहे. ते सदरे लाल करून द्या, मग जा."

"हिरव्यावर लाल चढत नाही, बाई."

"मग काय चढतं?"

मास्तर घुटमळले. म्हणाले, "बघतो." आणि एप्रन उचलला.

हौदातून निघालेला रंग बघून आम्ही नाकं मुरडली. मास्तर म्हणाले, "ओल्या कापडावरून रंग ठरवू नका. वाळू द्या." वाळल्यावर तो भिजलेल्या खोडासारखा दाट तपकिरी निघाला. दोरीवरचे सदरे पाहून एका व्यापाऱ्यानं तिथेच तागे मागितले. पुढे त्या रंगानं कारखाना तारला. विश्वास नसेल तर माझ्या मागचा पडदा बघा.

सदरे मात्र लाल झाले नाहीत. म्हणजे बाईंची अट काही पुरी झाली नाही. मास्तर इतकी वर्षं इथे का राहिले, हे आता कळलं ना?

म्हणून मास्तर, आम्ही सगळ्यांनी मिळून हा सदरा रंगवला आहे. पांढऱ्यावरून सरळ लाल. गोदीवाल्यांचा लाल, यंदा मैदानावर जाऊन जुळवून आणलेला. हा घ्या, बाईंच्या हातात द्या, आणि मग खुशाल जा.

...बाई, घ्या ना हो. हात मागे का घेताय?

असो. इतका वेळ ऐकून घेतलंत, आपला ऋणी आहे. बोलण्यात कुठे रंग भडक झाला असेल तर सांभाळून घ्या. शब्द आत्ता ओले आहेत. वाळले की मग ठरवा.