क्रोमच्या कारखान्यातल्या झोफ्काबाई

स्लोव्हेनियातल्या येसेनित्से गावी डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. शेजारचे आजोबा नर्सला मोठ्यानं म्हणाले, "अजून किती वेळ?" तशा पलीकडच्या, डोळ्यांत औषध घालून डोळे मिटून बसलेल्या बारीक चणीच्या आजी आवाज ऐकून चमकल्या.

"त्सिरिलसाहेब? पोलाद कारखान्यात खरेदी बघायचात, तेच ना?"

"हो. पण आपण?"

"तुमच्या पोलादासाठी क्रोम पाठवायचो ना, त्या क्रोमच्या कारखान्यात फोनवर असायचे मी. 'बाई, तुमच्या मालात माती येते,' म्हणून दर सोमवारी ओरडायचात!"

"झोफ्काबाई! अहो, तो आवाज ऐकून मला वाटायचं, बाई चांगली धिप्पाड असणार!"

"ओरडणाऱ्याशी ओरडूनच बोलावं लागतं. आणि मग एकदम तुमचे फोनच बंद झाले."

"आफ्रिकेचं क्रोम बोटीनं यायला लागलं. ते स्वस्त पडायचं. आता तर जवळजवळ सगळंच बाहेरून येतं."

"त्यात माती नसते वाटतं?"

"असते की! पण तिकडे भांडायला कोण आहे? तक्रार लिहून पाठवायची आणि गप्प बसायचं."

"आमच्या भट्ट्या विझल्या, त्याचा राग नाही हो. पण एवढ्या वर्षांची ओळख! निरोपाचा एक फोन करायचा होतात."

"केला होता. पण धीर गोळा करेपर्यंत तुमची लाइन कापलेली होती."

"निरोप घ्यायला कसला धीर लागतो?"

"निरोपाला नाही. एकदा भेटायला येऊ का, असं विचारायचं होतं."

"मग विचारा की आता. ही लाइन चालू आहे."