कोपराच्या उंचीचं टेबल

दोन हजार सहा साल. जठारपेठेत अब्दुल गफ्फार मिस्त्रींच्या दुकानात माझी खुर्ची दुरुस्त होईपर्यंत मी बसलो होतो. गावाकडचे किसनराव मुलीला, दीपमालेला, घेऊन आले.

“मिस्त्री, ते चकचकीत टेबल द्या. पोरगी घरी कॉम्प्युटरवर टायपिंग करते. दोन सालं कापूस बुडाला, घर हिच्यावरच चालून राहिलं.”

“माप काय?”

“चार फूट भिंत हाय.”

“भिंत थोडीच टायपिंग करते! बेटी, या खुर्चीत बस. टायपिंगले ठेवते तसे हात ठेव. कुठं दुखते?”

“नाही दुखत, चाचा.”

“खरं सांग.”

“मानेपासून बोटांपर्यंत मुंग्या येतात. रोज.”

“मले काहून नाही सांगितलं वं?”

“तुमी काम बंद करायले लावलं असतं, बाबा.”

मिस्त्रींनी टेप काढला.

“चकचकीतवालं तुले तीन बोटं उंच होते, बेटी. ते मी देत नाही. सागाचं करून देतो, तुह्या कोपराएवढं. पाय टेकवायले खाली फळी लावतो. उद्या तुह्या लेकरायच्याही कामी येईल.”

मिस्त्रींनी तिच्या कोपराशी टेप धरला. त्याचं खालचं टोक धरायला किसनराव फरशीवर बसले.

“नीट बस वं माय. वाकू नको.”