फडका फायलीला लागत नाही

...आणि वर मलाच विचारतात, "मामा, पुसलात कशाला?" अहो, कशाला म्हणजे? पस्तीस वर्षं कॉलेजात फळे पुसतोय, भरलेला फळा दिसला की हात आपोआप जातो! मला अक्षरओळख नाही, पण तुम्हाला सांगतो, कोण शिकवतं नि कोण नुसतं तोंड हलवतं, ते मला ओल्या फडक्यावरनं कळतं. गणिताच्या बाईंचा तास झाला की फडका तीनदा पिळायचा! पोरांची वेडीवाकडी अक्षरं, खोडलेलं, परत लिहिलेलं... माझी नात बाईंच्याच वर्गात; गणितात दोनदा आपटलेली, ती आता मलाच शिकवायला बसते. "आबा, नुसतं हं हं करू नका, 'का' म्हणून विचारा!" मी काय विचारणार? आपण फळा पुसणारा माणूस!

शेजारच्या वर्गात पिवळे सर. आडनाव नव्हे हो, वही पिवळी! माझ्या मुलाला जी वाचून दाखवली तीच आता पुढच्या पिढीला. खोकतातसुद्धा त्याच ओळीवर!

तर मागच्या महिन्यात आली समिती. शिकवणं सुधारायला! टायवाले साहेब बाईंना म्हणतात कसे, "शिकवता, याचा पुरावा?" बाईंची नोकरी हंगामी, सगळी समितीच्या शेऱ्यावर लटकलेली. बाई म्हणाल्या, "फळ्यावर आहे ना सर! पोरांनी स्वतः सोडवलंय, चला." आले सगळे... आणि मी शेवटचा कोपरा पुसत होतो. चकचकीत! शी! माझ्याच हाताची मला किळस आली हो. फडका पुढे केला, "साहेब, हा बघा, अजून पांढरा आहे!" तर म्हणे, "मामा, फडका फायलीला लागत नाही." बरोबर आहे, आपण फळा पुसणारा माणूस!

पिवळ्या सरांची फाईल मात्र उशीएवढी. फोटो, तक्ते, सह्या... साहेब नुसते, "वा! वा!"

झालं! बाईंचा वर्ग काढला, त्यांना सहा महिने प्रशिक्षण. कुणाकडे? पिवळ्या सरांकडे! नि वर्गही त्यांनाच! काल नात वही मिटून बसलेली. म्हटलं, "का गं?" तर म्हणाली, "'का' विचारायचं नसतं आबा आता. उतरवून घ्यायचं."

आणि सरांचा तो फळा... इतक्या वर्षांत मी त्याला फडका लावलेला नाही. लावू कशाला, कोराच असतो! समितीनं नेमका तोच बघितला नि शेरा मारला, 'स्वच्छता उत्कृष्ट'. प्रशस्तिपत्र दिलंय हो... न पुसलेल्या फळ्याबद्दल, पुसणाऱ्याला!