अकरा ते बारा

पनवेलला मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी एक बाई आणि तिचे वडील होते. वडिलांच्या मनगटावर घड्याळासारखा पट्टा होता. कंपवातानं हात दिवसभरात कधी, किती थरथरतो ते तो टिपून ठेवतो. बाई मोबाइलवर आठवड्याची नोंद बघत होती.

“अब्बा, रोज अकरा ते बारा हात थरथरत नाही. तेव्हा काय करता?”

“झोपतो.”

“झोपलात तर हात हलणार नाही. इथे थरथर नाही, पण हालचाल दिसतेय.”

“चुगलखोर आहे हे घड्याळ.”

“डॉक्टर विचारतील, अब्बा.”

“शिवतो, शमा.”

“बोटात सुई गेली तेव्हाच मी मशीन देऊन टाकलं ना?”

“हातानं शिवतो. तुझ्या अम्मीच्या हिरव्या कमीजचा तुझ्या आयतसाठी फ्रॉक करतोय.”

“मस्कतहून आणलेल्या त्या कमीजचा?”

“कापड तिथलं. दुकानात दिवसभर अरबांचे झगे शिवायचो, पण ते कापड राखून ठेवलं. सुट्टीत घरी येऊन शिवलं. ती शेजारी बसून सुया ओवून द्यायची.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू सुयाही लपवल्या असत्यास.”

“किती झालाय फ्रॉक?”

“बाह्या राहिल्यात. शिवताना हात ऐकतो, ओवताना ऐकत नाही. अकराच्या आधीचा अर्धा तास त्यातच जातो.”

“सकाळी शाळेत शिकवायला निघण्याआधी मी ओवून ठेवत जाईन.”

“दोन ओव. तुझी अम्मी एक जास्तीची ठेवायची.”