बाईंच्या घरचा डेमो

(कोपर स्टेशनजवळची इमारत, दुसरा मजला. टेबलावर पाण्याचे दोन ग्लास आणि एक चालू मोबाइल.)

धम्मपाल : बाई, मी गंभीरपणे सांगतोय. या ग्लासात तुमचा मृत्यू आहे.

बाई : असेना. आधी ते बूट दाराबाहेर काढ, मग मृत्यूचं बघू.

धम्मपाल : सॉरी बाई. हां, काढले. तर हे तुम्ही भरून दिलेलं, तुमच्या नळाचं पाणी. आणि हे आमच्या पाणी शुद्ध करायच्या मशीनचं, मी ऑफिसातून आणलेलं. दिसायला दोन्ही सारखीच. बरोबर?

बाई : पुढे. तू आठवी ब मधला ना रे? खिडकीपाशी बसायचास.

सुमित : धम्मा, रिलेशन बाद में. टेस्टवर ये.

बाई : हे कोण बोललं?

धम्मपाल : आमचे मॅनेजर. सुमितसर. माजिवड्याच्या ऑफिसातून ऐकतायत. डेमो करताना फोन चालू ठेवायचा असतो, नियम आहे.

बाई : आमच्या वेळचे इन्स्पेक्टर निदान वर्गात येऊन बसायचे.

सुमित : नमस्ते मॅम! तुमच्यासारख्या गुरूंमुळेच आज आम्ही इथे आहोत!

बाई : माझ्यावर कशाला ढकलता?

धम्मपाल : तर बाई, दोन्ही ग्लासांत या सळ्या सोडल्या. बटण दाबलं. आता फक्त एक मिनिट... बघा! तुमचं पाणी तांबूस झालं. वर फेस, खाली गाळ. आमचं जसंच्या तसं. ही घाण रोज पोटात जातेय. मुतखडा, केसगळती, गुडघे...

सुमित : नातवंडं घे, नातवंडं!

धम्मपाल : आणि सुट्टीत नातवंडं येत असतील ना, बाई? तीही हेच...

बाई : मला मूल नाही, धम्मपाल. तुला माहीत आहे. शाळेत सगळ्यांनाच माहीत होतं.

धम्मपाल : हो बाई. ते... तोंडातून गेलं. रोज बोलतो ना.

बाई : या सळ्या कसल्या आहेत?

धम्मपाल : सेन्सर आहेत.

बाई : धम्मपाल.

धम्मपाल : एक मिनिट, म्यूट करतो. लोखंडाच्या आहेत, बाई.

बाई : मग तांबूस काय झालं?

धम्मपाल : लोखंडच. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, सळई झिजते. आमच्या पाण्यातून क्षार काढलेत, म्हणून तिकडे काही होत नाही.

बाई : आणि क्षार असणं म्हणजे घाण असणं?

धम्मपाल : नाही.

बाई : पूर्ण वाक्यात.

धम्मपाल : पिण्याच्या चांगल्या पाण्यातही क्षार असतात, बाई.

बाई : मघापासून मला वाटत होतं, शिकवलेलं विसरलास. त्याचं वाईट वाटत होतं. विसरला नाहीस, हे जास्त वाईट आहे.

धम्मपाल : हो.

बाई : आणि माझी आठवण कशी झाली? वीस वर्षांत फिरकला नाहीस.

धम्मपाल : यादी असते. जॉइन झाल्या झाल्या पन्नास नावं लिहून घेतात. आपल्याला नाही म्हणणार नाहीत अशा माणसांची.

बाई : माझा नंबर कितवा?

धम्मपाल : एक्केचाळीस. वरती सगळे नातेवाईक आहेत. सासऱ्यांकडे दोन मशीन आहेत. एक अजून खोक्यात आहे.

बाई : दोन कशाला?

धम्मपाल : मार्च होता, वर्षाचं टार्गेट भरायचं होतं. रतनमावशी आता फोन उचलत नाही. मागच्या महिन्यात तिच्या दारात गेलेलो, तर आतून टीव्हीचा आवाज बंद झाला.

बाई : आणि मी नाही म्हटलं तर?

धम्मपाल : या महिन्यातलं विक्रीचं तिसरं शून्य. शून्य आलं की सकाळच्या मीटिंगला खुर्चीवर उभं करतात, बाकीचे टाळ्या वाजवतात. दोनदा उभा राहिलोय. तिसऱ्यांदा खुर्ची पण नाही, सरळ घरी.

बाई : बायकोला ठाऊक आहे?

धम्मपाल : अमृताला वाटतं मी टीम लीडर आहे. म्हणजे आहेच. टीम नाहीये.

बाई : लाव तो फोन. घेते मी मशीन.

धम्मपाल : नको, बाई.

बाई : का? पेन्शन मिळते मला. एकटीला किती लागतं?

धम्मपाल : तुम्ही काठावरच्या पोराला ग्रेस मार्क देताय. तुम्ही वर्गात कधी कुणाला दिले नव्हते.

बाई : तेव्हा मी तरुण होते. कडक असणं परवडायचं. लाव.

धम्मपाल : हॅलो, सर.

सुमित : अरे कुठे गायब? डील क्लोज झालं का?

धम्मपाल : सर, मी बाईंना खरं सांगितलंय. सळ्या लोखंडाच्या आहेत, पाण्यात काही वाईट नाही. चार वर्षं मी हे खोटं माझ्याच माणसांना विकतोय. ज्यांच्याकडे नुसतं चहाला जायचं, त्यांना घाबरवून आलोय. मला लाज वाटते, सर. हा डेमो मी परत करणार नाही.

सुमित : झालं?

धम्मपाल : झालं.

सुमित : अरे, लोखंडाच्या आहेत ते खोक्यावरच छापलंय. माझ्या मम्मीला पण माहितीये. तिने पण घेतलंय. इमोशनल नंतर हो. मॅम घेतायत की नाही?

बाई : मी घेते म्हटलं होतं. हाच नको म्हणतोय.

सुमित : सुपर! त्याच्याकडे लक्ष देऊ नका, मॅम. फक्त पत्ता सांगा. उद्या दहाला माणूस येईल आणि नळाला लावून देईल.

बाई : उद्या येऊन काय करेल? इमारतीचा पंप जळलाय, चार दिवस झाले नळाला पाणी नाही. ग्लासातलं ते तांबूस झालेलं दुकानातल्या बाटलीचं होतं.