नातं विचारलं, भाऊ लिहिलं

वेणूबाई: तसं न्हाई गं. पुन्हा पहिल्यापासून. डोळे मीट आन् समज, तू धर्मराजभाऊ हायस.

दीक्षा: आजी, धर्मराजभाऊंना मिशी आहे.

वेणूबाई: मग समज की, तुला मिशी हाय.

दीक्षा: अशी समजून येत नाही मिशी. काजळाची डबी कुठंय? थांब हं… ही डावी… ही उजवी. झाली! आणि हा झारा म्हणजे माझा माइक. "माता-भगिनींनो! तुमचा हक्काचा भाऊ आज तुम्हाला वचन देतो…"

वेणूबाई: हळू गं! खाली आजच्या मेळाव्याच्या मंडपातच हाय तो. त्याला वाटंल, आपुन इथं उभं असून वरनं कोण बोलायलंय.

दीक्षा: ऐकू दे की. येणारच आहेत ना वर?

वेणूबाई: येणार हाय म्हणूनच तर ही तालीम. मघाशी फोनवर लई तापला व्हता. "त्या वेणू तुमीच का? थांबा, आलोच," म्हणला. मोठ्या माणसासमोर बोलाया गेलं की माझी कवळी सटकती. म्हणून आधी तुझ्यासमोर बोलून बघते. हां, मी दार उघडलं. तू काय म्हणशील?

दीक्षा: "आजी, माझं चुकलं! माफ करा!"

वेणूबाई: इतक्या लवकर? अगं, नगरसेवक हाय तो. जरा ताण.

दीक्षा: बरं. "आजी! काय चाललंय हे? कर्जवाल्यांना माझा नंबर का दिला?"

वेणूबाई: आता मी. "भाऊ, दिवाळीच्या मेळाव्यात तुमीच त्या टिचकी ॲपचं टेबल मांडलं. टिचकी वाजवा, कर्ज घ्या! माइकवर म्हणलात, बिनधास्त घ्या, मी जामीन हाय. मला दातांची कवळी करायची व्हती. हिच्या बापाचा, माझ्या आकाशचा, उरणच्या गोदामातला पगार अडकलेला…"

दीक्षा: "हिच्या" नको म्हणू. मी धर्मराज आहे.

वेणूबाई: मधी बोलू नगस, तोल जातो. "…ॲपनं विचारलं, जामीनदार कोण? मी तुमचं नाव घातलं. नंबर तुमच्याच बॅनरवर व्हता. मग विचारलं, नातं काय? पती, वडील, मुलगा, भाऊ. आता तुमाला तर अख्खी कॉलनी भाऊच म्हणती. मी 'भाऊ'वर बोट ठेवलं."

दीक्षा: थांब, थांब! मला हसू येतंय. मिशी पसरेल!

वेणूबाई: हसतीस काय? पुढं तेच विचारत गेलं. फोनातली नावं बघू का? फोटो बघू का? मला वाटलं, बिचारं एवढं विचारून विचारून घेतंय, न्हाई कसं म्हणावं? समद्याला व्हय म्हणलं.

दीक्षा: ते बिचारं नव्हतं, आजी. पण एक मला नीट सांग. पैसे तर तू परत दिलेस ना?

वेणूबाई: दिले की. घेतल्यापेक्षा जास्तच दिले.

दीक्षा: मग अजून कसले मागतात? लाडूंवर सांग, मला लाडूंवर पटकन कळतं.

वेणूबाई: लाडूंवर सांगते. मी सहा लाडू मागितले. त्येंनी हातावर चारच ठेवले. दोन म्हणे फी.

दीक्षा: म्हणजे वाटेतच खाल्ले!

वेणूबाई: आठवड्यानं म्हणले, आता सात दे. दिले. दोन दिवस उशीर झाला व्हता. आता म्हणतात, उशिराचे आणखी पाच दे.

दीक्षा: तू चार खाल्लेस, सात दिलेस, आणि अजून पाच? आजी, ही कर्जाची नाही, लाडू खायची कंपनी आहे!

वेणूबाई: हसण्यावारी नेऊ नगस. आज सहा वाजता माझा फोटो पाठवणार हाईत, फोनातल्या समद्या माणसांना. खाली 'चोर' लिहून. विहारातल्या महिला मंडळाची पैशांची पेटी माझ्याकडं असती, दीक्षा. उद्या तिची किल्ली मला कोण देईल?

दीक्षा: कुठला फोटो?

वेणूबाई: ॲपनं काढून घेतला व्हता तो. कवळीच्या आधीचा. एक तर चोर, आन् वर तोंडाचं बोळकं!

दीक्षा: रडू नको ना, आजी. कवळी निघेल. दार वाजतंय बघ. उघडू?

वेणूबाई: उघड. आन् मिशी पूस!

धर्मराज: हुश्श… पानी… ही लिफ्ट बंद कधीपासून हाय?

दीक्षा: तुम्ही उद्घाटन केलं होतं ना, तेव्हापासून.

धर्मराज: आनि तुझ्या तोंडाला काय लागलंय?

दीक्षा: तुमची मिशी.

वेणूबाई: पोर हाय, भाऊ. बसा. हे पाणी घ्या.

धर्मराज: मी बसाला नाय आलो, आजी. चार दिवस झाले, मना फोनवर फोन. "बहिणीला समजवा, बहिणीला समजवा." मी बोलतो, बाबा, मना बहीनच नाय! तर त्यानं ऑफिसच्या नंबरवर फोन केला. तो वाजतो आमच्या घरात. उचलला माझ्या आईनं. "तुमच्या वेणूनं पैसे बुडवले!"

वेणूबाई: अगं बया!

धर्मराज: आई बोलली, माझ्या पोटी वेणू नाय. तो बोलला, मग तुमच्या नवऱ्याला विचारा. आता आईनं बाबांच्या फोटोचा हार काढून ठेवलाय. सकालपासून फोटोकडं पाठ करून बसलीय!

वेणूबाई: त्येंना सांगा, मी अंबाजोगाईकडची. तुमच्या बाबांना जन्मात बघितलं न्हाई!

दीक्षा: आजी, हे तालमीत नव्हतं.

धर्मराज: कसली तालीम? आनि मी जामीन राहतो असं कधी बोललो?

दीक्षा: "माता-भगिनींनो! टिचकी म्हणजे विश्वास! कुठं काही अडलं, तर हा धर्मराज तुमचा जामीन! टाळ्या!"

धर्मराज: 'टाळ्या' नव्हतो बोललो.

दीक्षा: बोलला होतात. कोणी वाजवत नव्हतं म्हणून.

वेणूबाई: जिन्यातली पोरं रोज खेळतात हे, भाऊ. एक जण धर्मराज होतो, बाकीचे टाळ्या वाजवत न्हाईत.

धर्मराज: अहो आजी, ते भाषन होतं! भाषनात मानूस बोलतो तसं.

वेणूबाई: आमाला कसं कळावं, कुठलं बोलणं भाषण आन् कुठलं खरं? माइक तर एकच व्हता.

दीक्षा: आजी, फोन! त्याचाच आहे.

धर्मराज: द्या इकडं. आता बघा कसा सरल करतो. स्पीकरवर टाक गं.

फोन: हां, वेणूबाई, सहा वाजायला आले. फोटो रेडी है.

धर्मराज: ए! कोन बोलतो? मी नगरसेवक धर्मराज बोलतोय!

फोन: अरे, भाऊ! बरं झालं, बहिणीकडेच आहात. तुमचा पण फोटो बनवलाय.

धर्मराज: माझा?

फोन: बॅनरवरचाच घेतला. हात जोडलेला, मस्त आहे. खाली टाकलंय, 'चोर बहिणीचा चोर भाऊ'. कॉलनीचा ग्रुप आहे ना बहिणीच्या फोनमध्ये, तिथं जाईल.

धर्मराज: तुला माहीत नाय, मी कोन हाय!

फोन: माहीत आहे ना. जामीनदार. नातं, भाऊ. पैसे नसतील तर वस्तू विका. कशासाठी घेतलं होतं कर्ज?

वेणूबाई: दात.

फोन: काय?

वेणूबाई: दात, बाळा. कवळी. वापरलेली हाय, पण धुऊन देईन. तुझ्या सायबाला बसती का विचार.

फोन: टूं… टूं… टूं…

दीक्षा: ठेवला!

वेणूबाई: बिचारा. सकाळपासून ओरडायलाय, जेवला तरी का न्हाई कोण जाणे.

धर्मराज: आजी, तुमाला त्याची कीव येते? तो फोटो… हात जोडलेला… माझी आई बघंल तो. तिला चष्म्याशिवाय वाचता येत नाय, पन 'चोर' येवढं मोठं लिहिलं असंल तर वाचंल.

वेणूबाई: माझ्याबी विहारातल्या बाया वाचतील.

धर्मराज: किती मागतायत? पाच हजार ना? मी भरतो, आत्ताच. विषय संपला.

दीक्षा: आजी, हे पण तालमीत नव्हतं!

वेणूबाई: न्हाई, भाऊ. पैसे खिशात ठेवा.

धर्मराज: अहो, मी देतोय!

वेणूबाई: माझे द्याल. ज्ञानूचे कोण देणार? तो वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलतो. त्येच्या नावानं मला फोन येतो, 'शेजाऱ्याला समजवा.' खालच्या पुतळाबाईच्या नावानंबी येतो. माझ्या नावानं त्या दोघांना जात असणार. त्येंनीबी तुमचंच ऐकलं व्हतं. आता जिन्यात भेटलो की आमी तिघंबी मान खाली घालतो. एकमेकाला समदं ठाऊक, आन् बोलत कुणीच न्हाई.

दीक्षा: म्हणून पुतळामावशी मला हल्ली हाक मारत नाही?

वेणूबाई: म्हणूनच, बाळा. लुबाडलं त्येंनी आन् लाजतोय आमी.

धर्मराज: मग मी काय करू? तुमीच सांगा.

वेणूबाई: माइकवर दिलेला शब्द माइकवरच परत घ्या. म्हणा, मी न बघता जामीन राहिलो, माझं चुकलं. आजबी मंडपात मांडलंय ते टिचकीचं टेबल उचलाया लावा. आन् ज्येला ज्येला फोन येतात, त्येला घिऊन उद्या सायबर पोलिसांकडं चला. तुमी पुढं, आमी मागं. भाऊ असतो तो पुढंच चालतो.

दीक्षा: आजी! कवळी अजिबात सटकली नाही!

धर्मराज: सोपं नाय ते. आजच्या मंडपाचे दिवे टिचकीनं दिलेत.

दीक्षा: आणि खुर्च्या?

धर्मराज: खुर्च्यापन.

दीक्षा: आणि माइक?

धर्मराज: माइक… माइक माझा हाय.

दीक्षा: मग झालं की! अंधारात उभ्यानं ऐकतील लोक.

धर्मराज: अगं पोरी, निवडनूक तोंडावर हाय. 'माझं चुकलं' बोललो तर मत कोन देल?

दीक्षा: मी देईन.

धर्मराज: तू कितवीत हायस?

दीक्षा: पाचवीत. तुम्ही थांबा ना जरा, मोठी होतेच आहे मी.

वेणूबाई: भाऊ, सहा वाजता फोटो जाणारच हाय. माझाबी, तुमचाबी. त्येच्या आधी आपुनच समद्यांना सांगून टाकलं, तर त्या फोटोत भ्यावं असं काय उरतं?

धर्मराज: तुमी येनार खाली? सगल्यांसमोर?

वेणूबाई: येते की. तुमच्या शेजारी उभी राहते. दात दाखवून.

दीक्षा: आणि मी?

वेणूबाई: तू मिशी पुसून ये.

(खाली मंडपात. सहा अजून वाजायचे आहेत. खुर्च्या भरल्या आहेत, माइक सुरू आहे.)

धर्मराज: माता-भगिनींनो! बंधूंनो! आज या भव्य मेळाव्याच्या निमित्ताने… आपल्या नावडे कॉलनीमध्ये विकासाची गंगा… म्हणजे रस्ते, दिवे… आणि येत्या काही दिवसांत लिफ्टसुद्धा…

वेणूबाई: भाऊ! लिफ्ट न्हाई. टेबल.

धर्मराज: आजी, हलू बोला, माइक पकडतो. पहिल्या रांगेत टिचकीचे लोक हाईत. हसतायत माझ्याकडं बघून.

वेणूबाई: आन् दुसऱ्या रांगेत ज्ञानू हाय. तो हसत न्हाई.

धर्मराज: माझी आईपन आलीय.

वेणूबाई: कोण, त्या? माझ्याकडंच बघायल्यात की. थांबा, हात जोडते. बघा, बघा, दात बघून त्येंना पटलं, की आपल्या दोघांच्या तोंडावळ्यात काई मेळ न्हाई.

धर्मराज: भाषन सोडून मना काय बोलताच येत नाय, आजी. येवढी वर्षं या माइकवर बोलतोय आनि आज तोंडातून शब्द निघत नाय.

वेणूबाई: माझीबी कवळी तशीच सटकायची. घोटभर पाणी प्या. अगं… अगं दीक्षा! तू कुठं चढलीस? आन् मिशी तशीच!

दीक्षा: राहू दे, आजी, लागणार आहे ती. भाऊ, माइक जरा माझ्याकडं द्या… हां. आता घाबरू नका. वरती तालमीत मी तुमची भूमिका केली होती ना, 'माझं चुकलं' सगळ्यात आधी म्हटलं होतं, एकदम सोपं आहे. डोळे मिटा आणि समजा, तुम्ही धर्मराजभाऊ आहात.